पासवर्ड तारेतून जातच नाही!

थांबा! हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि मला एक सांगा. मोठ्या ऑफिसात सकाळी तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसता, नाव टाकता, पासवर्ड टाकता, आणि मग मेल उघडते, सगळ्यांचं सामायिक फोल्डर उघडतं, प्रिंटरही तुमचं ऐकतो. तर तो पासवर्ड गेला कुठे? तारेतून कुठल्याशा मोठ्या मशीनकडे गेला, तिथे तो ताडून पाहिला गेला आणि तुम्हाला आत सोडलं, असंच ना? नाही! तो कुठेच गेला नाही! तुमच्या टेबलावरून हललाही नाही! निदान ज्या पद्धतीनं मला सध्या झपाटलंय तिच्यात तरी नाही. पासवर्ड कुणाकडेही न पाठवता ‘मी म्हणजे मीच’ हे पटवून देता येतं, आणि ही करामत १९८०च्या दशकात एका विद्यापीठात उभी राहिली, आणि ती आजही असंख्य ऑफिसांत रोज सकाळी मुकाट चालते, आणि मला हे आत्ता कळतंय! आत्ता!

आधीच सांगते, मी या विषयातली जाणकार नाही. मी कॉमर्सची. कोडची एक ओळ मला लिहिता येत नाही. त्यामुळे कुणी इंजिनिअर हे वाचत असेल तर त्यानं दोन पावलं मागे उभं राहावं, आणि बाकीच्यांनी माझ्याबरोबर यावं. कारण हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही! हीच तर गंमत आहे!

मला हे सापडलं एका नाटकात. हो, नाटकात! सुरक्षेची यंत्रणा कशी रचावी हे समजावण्यासाठी बिल ब्रायंट नावाच्या माणसानं १९८८ मध्ये चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. पात्रं दोनच. अथीना ही उत्साही, नव्या दमाची प्रोग्रामर, आणि युरिपिडीस हा मुरलेला, तिरसट सहकारी. अथीना म्हणते, एकाच मोठ्या मशीनवर सगळ्यांनी गर्दी करून काम रेंगाळतंय, तर प्रत्येकाला टेबलावर वेगळा कॉम्प्युटर देऊ आणि सगळे तारेनं जोडू. झालं! युरिपिडीस विचारतो, मग मेलच्या मशीनला कळणार कसं की समोर तूच आहेस, तुझं नाव सांगणारा मी नाही? अथीना उपाय शोधते. तो त्यात भोक पाडतो. ती रात्रभर जागून नवा उपाय आणते, आणि मग तो त्यातही भोक पाडतो, आणि मग ती चिडते, आणि मग पुन्हा विचार करते, आणि मग पुन्हा तेच! आणि या भांडणातून, एकेक भोक बुजवत, आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण यंत्रणा उभी राहते! मी ते एका बैठकीत वाचलं, मग लगेच पुन्हा पहिल्या प्रवेशापासून वाचलं, आणि मग कागद-पेन घेऊन बाण काढत बसले.

आणि ही यंत्रणा कल्पनेतली नाही! नाटकात तिचं नाव चॅरॉन आहे, पण प्रत्यक्षात ती कर्बरोस. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला, डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीनं. (नाटकातली अथीना कुठून आली ते कळलं ना!) विद्यार्थ्यांसाठी आवारभर कॉम्प्युटर मांडायचे, कुणीही कुठल्याही मशीनसमोर बसावं आणि त्याला त्याचं काम, त्याच्या फायली, त्याची मेल मिळावी, असा बेत. किती सुंदर बेत! आणि सुरक्षेच्या दृष्टीनं किती भयंकर! कारण आता मशीन आहे सार्वजनिक खोलीत. त्याच्यासमोर हुशार, रिकामटेकडी, विशीतली मुलं. ती मशीन उघडतील, त्यातली प्रणाली बदलतील, तारेवर कान लावून बसतील, दुसऱ्याचं नाव सांगतील.

आणि इथे त्या मंडळींनी काय केलं माहितेय? त्यांनी हे सगळं गृहीतच धरलं! मशीनवर विश्वास नाही. तारेवर विश्वास नाही. नाव सांगणाऱ्यावर विश्वास नाही. आता या अविश्वासावर काय उभं राहतं ते बघू, असं म्हणून त्यांनी पाया घातला! स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी मुख्य आराखडा केला, जेरोम सॉल्ट्झर आणि जेफ्री शिलर हेही त्यात होते. ही नावं लक्षात ठेवा, विशेषतः सॉल्ट्झर. पुढे लागणार आहे!

आता खरा जादूचा भाग. नीट ऐका, मी हळू सांगायचा प्रयत्न करते.

आवारात एका कुलूपबंद खोलीत एक सर्व्हर आहे. त्याच्याकडे प्रत्येकाची एक गुप्त किल्ली आहे, जी त्या माणसाच्या पासवर्डपासून बनवलेली आहे. तुम्ही मशीनसमोर बसलात आणि नाव टाकलंत. मशीन सर्व्हरला फक्त नाव कळवतं. फक्त नाव! सर्व्हर विचारत नाही की तुम्ही खरे कोण. तो म्हणतो, बरं, या नावाच्या माणसासाठी हे घ्या. आणि एक पाकीट पाठवतो, जे त्या माणसाच्या किल्लीनं बंद केलेलं आहे. कुणीही मागितलं तरी देतो! चोरानं मागितलं तरी! कारण ते उघडणार कुणाला? ज्याला पासवर्ड ठाऊक आहे त्यालाच! आता मशीन तुमच्याकडे पासवर्ड मागतं, त्यापासून तिथल्या तिथे किल्ली बनवतं, पाकिटाला लावतं. उघडलं तर तुम्ही तुम्ही. नाही उघडलं तर नुसता अक्षरांचा कचरा. आणि मग मशीन तो पासवर्ड आपल्या आठवणीतून पुसून टाकतं!

बघितलंत? सिद्ध करायचं काम सर्व्हरनं केलंच नाही! ते पाकिटानं केलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

आणि त्या पाकिटात काय असतं? दोन गोष्टी. एक तात्पुरती किल्ली आणि एक तिकीट. तिकीट हाच त्यांचा शब्द! आणि हे तिकीट तुम्हाला वाचता येत नाही! तुमच्याच नावाचं, तुमच्याच हातात, आणि तुम्हालाच वाचता येत नाही, कारण ते दुसऱ्या एका सर्व्हरच्या किल्लीनं बंद आहे, तिकिटं देणाऱ्या सर्व्हरच्या. तुम्ही फक्त ते नेऊन द्यायचं. आत तुमचं नाव आहे, तुम्ही बसलात त्या मशीनचा पत्ता आहे, वेळ आहे, मुदत आहे आणि त्याच तात्पुरत्या किल्लीची दुसरी प्रत आहे. तुम्हाला त्यात खाडाखोड करता येत नाही. नाव बदलता येत नाही. मुदत वाढवता येत नाही.

आणि मग तुम्हाला मेल हवी असते, तेव्हा मशीन ते तिकीट तिकिटं देणाऱ्या सर्व्हरकडे नेतं आणि त्याच्या मोबदल्यात खास मेलसाठीचं तिकीट आणतं, आणि ते मेलच्या सर्व्हरच्या किल्लीनं बंद असतं, आणि मग प्रिंटरसाठी वेगळं, फायलींसाठी वेगळं, आणि या सगळ्यात तुम्हाला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही! एकदा सकाळी टाकला, संपलं! मेलच्या सर्व्हरला तुमचा पासवर्ड कधीच कळत नाही. प्रिंटरलाही नाही. म्हणजे उद्या कुणी प्रिंटरचा सर्व्हर फोडला तरी तुमचा पासवर्ड तिथे नाहीच! जे दिलंच नाही ते चोरीला जाईल कसं?

पण तुम्ही म्हणाल (आणि तुम्ही म्हणावंच, युरिपिडीसनंही म्हटलं), तारेवर कान लावून बसलेल्यानं तिकीटच उचललं तर? वा! हाच प्रश्न! म्हणून तिकिटाबरोबर आणखी एक चिठ्ठी जाते. तिच्यात तुमचं नाव आणि आत्ताची वेळ असते आणि ती तात्पुरत्या किल्लीनं बंद असते. ती किल्ली चोराकडे नाही, कारण ती तुमच्या पासवर्डनं बंद केलेल्या पाकिटात आली होती. चोराला तिकीट मिळेल, पण ताजी चिठ्ठी बनवता येणार नाही! आणि जुनी चिठ्ठी पुन्हा पाठवली तर तिच्यावरची वेळ जुनी. सर्वसाधारणपणे पाच मिनिटांची सवलत असते. म्हणूनच या पद्धतीत सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली लागतात! तुमचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर पासवर्ड बरोबर असूनही आत प्रवेश नाही! ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा आणि दाराच्या कुलपाचा संबंध! कुणाच्या स्वप्नात आलं असतं?

आणि सगळ्यात गोड तपशील अजून राहिलाय. तुम्ही सर्व्हरला पटवलंत, पण सर्व्हर खरा कशावरून? कुणी खोटा मेल सर्व्हर उभा करून बसला असेल तर? तर कर्बरोसच्या चौथ्या आवृत्तीत खरा सर्व्हर तुमच्या चिठ्ठीतली वेळ घेतो, तिच्यात एक मिळवतो आणि तात्पुरत्या किल्लीनं बंद करून परत पाठवतो. एक मिळवतो! बस्स! कारण चिठ्ठी उघडल्याशिवाय आतली वेळ कळणार नाही, आणि तिकीट उघडल्याशिवाय चिठ्ठी उघडणार नाही, आणि तिकीट फक्त खराच सर्व्हर उघडू शकतो. अधिक एक! एवढ्याशा बेरजेत त्याची ओळख पटली!

त्याच चौथ्या आवृत्तीत तिकिटाची मुदत एकाच बाइटमध्ये लिहीत, पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांत. एका बाइटमध्ये मोठ्यात मोठा आकडा २५५. म्हणजे कुठल्याही तिकिटाला जास्तीत जास्त २१ तास १५ मिनिटं! नेहमीची मुदत मात्र आठ तास ठेवली होती, कामाचा एक दिवस. हे वाचून मी गुणाकार पुन्हा करून पाहिला. बरोबर आहे!

आता सॉल्ट्झर! १९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकल श्रोडर यांनी कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या संरक्षणावर एक लांबलचक लेख लिहिला आणि त्यात रचनेची आठ तत्त्वं मांडली. सगळी सांगत नाही, तुम्ही शोधून वाचाच, पण तीन तर सांगायलाच हवीत. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्या, त्याहून एक कणही जास्त नको. प्रत्येक वेळी तपासा, ‘मघाशी तपासलं होतं’ हे चालणार नाही. आणि काही ठरवलेलं नसेल तर उत्तर ‘नाही’ असलं पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलंय हे! आणि माझ्या मते तिसरं सगळ्यात भारी आहे. दार मुळातच बंद, आणि उघडण्याला कारण लागतं! बंद करण्याला नाही!

आणि मग तोच श्रोडर १९७८ मध्ये रॉजर नीडम यांच्याबरोबर एक नवी रीत मांडतो: दोन अनोळखी मशीननी, एका तिसऱ्या विश्वासू मशीनच्या मदतीनं, एकमेकांची ओळख कशी पटवावी. कर्बरोस त्याच रीतीवर उभा आहे! आणि मग १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हानी साको दाखवतात की जुनी किल्ली कुणाच्या हाती लागली तर जुनाच संदेश पुन्हा पाठवून फसवता येईल, म्हणून संदेशावर वेळ लिहा! ती घड्याळं आली ती इथून! सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि एक धागा ओढला की दुसरा हातात येतो!

नीडम आणि श्रोडर यांच्या त्याच लेखात दुसरीही एक रीत होती, सार्वजनिक किल्ल्यांची. तिच्यात दोष होता आणि तो कुणाला दिसला नाही. किती वर्षं? सतरा! १९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी तो दाखवला. मोजके संदेश, कागदाच्या एका कोपऱ्यात मावतील एवढे, जगातली हुशार माणसं ते वाचतायत, आणि सतरा वर्षं कुणालाच दिसत नाही! आणि दुरुस्ती कोणती? दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं. एवढंच! एका नावाची उणीव होती, आणि तेवढ्यावर मधला माणूस दुसऱ्याच्या वेशात आत शिरू शकत होता! कोण बोलतंय हे संदेशातच लिहिलेलं हवं. मला तर शहारा आला.

आता उलट बाजूही बघा, कारण ती पाहिल्याशिवाय याची किंमत कळत नाही. त्याच एमआयटीत, फर्नांडो कोर्बाटो यांच्या सीटीएसएस या प्रणालीवर, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. आणि १९६६ मध्ये एक दिवस असा आला की जो कुणी लॉगिन करेल त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी उमटू लागली! सगळ्यांची! कुणी हल्ला केला नव्हता. झालं होतं असं की मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम काम करताना एक तात्पुरती फाइल बनवायचा आणि तिचं नाव नेहमी एकच असायचं. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे रचतानाच गृहीत धरलेलं. आणि मग व्यवस्थापकांच्या डिरेक्टरीत दोघं जण एकदम काम करू लागले, एक सूचना दुरुस्त करत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल, आणि दोन्ही तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली! ज्या प्रोग्रामचा सुरक्षेशी काही संबंध नाही, त्याच्या एका साध्या गृहीतकानं सगळी कुलपं उघडली!

म्हणून मला हे पायातलं काम इतकं आवडलंय. घर बांधताना विजेच्या वायरींचे पाइप स्लॅब ओतायच्या आधी टाकतात; राहून गेले तर मग तयार भिंतीत झिऱ्या मारत बसावं लागतं, आणि भिंत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ओळखीचंही तसंच आहे. ‘हा कोण आणि याला काय करू द्यायचं’ हे आधी ठरलं नसेल तर नंतर प्रत्येक खोलीत, प्रत्येक दारात स्वतंत्र झिरी. आणि एखादी राहतेच!

आणि त्यासाठी युरिपिडीस पहिल्याच प्रवेशात हवा. शेवटच्या प्रवेशात नाही! माल तयार झाल्यावर तपासायला बोलावलेला नाही! काही बांधलं जाण्याआधीच शेजारच्या खुर्चीवर बसलेला. मायक्रोसॉफ्टमध्ये लोरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचं काम कागदावर उतरवलं. आराखड्यावर बसून विचारायचे सहा प्रकारचे धोके, आणि त्यातला पहिलाच कोणता? दुसऱ्याचं सोंग घेऊन येणारा! पहिलाच! आणि हेच ते कोनफेल्डर ज्यांनी १९७८ मध्ये एमआयटीतल्या आपल्या पदवीच्या प्रबंधात डिजिटल प्रमाणपत्राची कल्पना मांडली होती, जी आज ब्राउझर सुरक्षित वेबसाइट उघडताना दर वेळी वापरतो. पदवीचा प्रबंध! विशीतल्या मुलाचा!

पुढे विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ऑफिसांच्या नेटवर्कसाठी कर्बरोसच मूळ पद्धत म्हणून घेतली, आणि म्हणून तो सुरुवातीचा सकाळचा पासवर्ड. पण आपल्या हातातलं उदाहरण याहून जवळचं आहे! यूपीआय! २०१६ मध्ये सुरू झालं, ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था मुंबईचीच. पैसे पाठवताना पिन टाकायचं पान येतं ना, ते पान त्या ॲपचं नसतं! ते एनपीसीआयनं दिलेलं असतं आणि ॲपच्या पोटात बसवलेलं असतं. तुम्ही पिन टाकता, तो तिथेच कुलूपबंद होतो, आणि ॲप ते बंद पाकीट फक्त पुढे देतं. ॲपला तुमचा पिन दिसतच नाही! आणि अगदी सुरुवातीला ॲप तुमच्या फोनवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं, आठवतंय? तेव्हा तो नंबर आणि तो फोन यांची गाठ बांधली जाते. नुसता पिन चोरून दुसऱ्याच्या फोनवरून भागत नाही. हे कुणी नंतर चिकटवलेलं नाही, आराखड्यातच आहे! तेव्हापासून मी वाण्याकडे पिन टाकताना ते पान डोळे भरून बघते, आणि मागचे लोक खोळंबतात.

आता तुमची पाळी. मी वर जे सांगितलं त्यात एक मोठं भोक आहे, आणि मी ते मुद्दाम बुजवलं नाही. शोधा! युरिपिडीस व्हा! सापडलं? ते पाकीट! सर्व्हर ते कुणालाही देतो! चोर तुमचं नाव सांगून पाकीट मागेल, घरी नेईल, आणि मग निवांत एकेक पासवर्ड लावून बघत बसेल, आणि त्याला कुणी अडवणार नाही, कारण तो कुणाच्या दारात उभाच नाही! आणि लोक पासवर्ड कसे ठेवतात? रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्ड तपासले होते, आणि त्यातले तब्बल ८६ टक्के एक तर अगदी छोटे होते, नाही तर नुसत्या लहान अक्षरांचे, नाही तर सरळ शब्दकोशात सापडणारे!

आणि मग १९९३ मध्ये कर्बरोसची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात सर्व्हरला म्हणता येऊ लागलं की पाकीट हवंय ना, मग आधी आत्ताची वेळ तुझ्या किल्लीनं बंद करून पाठव! आता नुसतं नाव सांगून भागत नाही! भोक बुजलं! पण तारेवर कान लावून बसलेला ती बंद वेळच उचलून घरी नेईल आणि तिच्यावर पासवर्ड लावत बसेल, त्याचं काय? बघा, पुन्हा युरिपिडीस! आणि त्यावरचा उपाय, ज्यात ऐकणाऱ्याच्या हाती ताडून बघण्याजोगं काहीच लागत नाही, २०२४ मध्ये कर्बरोससाठी रीतसर प्रसिद्ध झाला. तो मी अजून वाचते आहे, त्यात वक्रांवर मांडलेली गणितं आहेत, आणि ज्याला कुणाला ती येतात त्यानं कृपा करून आज संध्याकाळीच माझ्याकडे चहाला यावं, कागद-पेन मी काढून ठेवलंय!